विश्लेषण : कुरण हिरवेगार, मग विहिरीत नायट्रेट कुठून?

न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानात दुधाचा धंदा वाढला, तशी विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटची चिंताही वाढली. सरकारने खतावर मर्यादा आणली. पण प्रश्न फक्त खताच्या गोणीचा नाही. गाय कुठे आणि कधी चरते, याचाही आहे.

नायट्रोजन जातो कुठे?

गाय चाऱ्यातून जो नायट्रोजन खाते, त्यातला थोडाच दुधात उतरतो. बहुतेक शेण-मूत्रातून जमिनीवर परत येतो, पण सारखा पसरत नाही. मूत्र पडते त्या छोट्याशा जागेत त्याचे प्रमाण हेक्टरी १००० किलोच्या दरापर्यंत जाऊ शकते. तेवढा नायट्रोजन तिथले गवत शोषू शकत नाही.

मातीत काय घडते?

मूत्रातील युरियाचे अमोनियम होते आणि जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. पाण्याबरोबर खाली झिरपते. गोटे असलेल्या उथळ जमिनीत हे लवकर होते. ओल कोंडलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड हा वायूही सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता वाढवतो.

धोका कोणाला?

सर्वाधिक धोका तान्ह्या बाळांना. असे पाणी घालून केलेले वरचे दूध पाजल्यास बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा न्यूझीलंडमध्ये लिटरमागे ५० मिलिग्रॅम, तर भारतात ४५ मिलिग्रॅम आहे.

खत कमी केले की झाले?

तिथे जुलै २०२१ पासून कुरणाला वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त रासायनिक नायट्रोजन देता येत नाही. मात्र या आकड्यात मूत्र किंवा क्लोव्हरच्या मुळांनी हवेतून घेतलेला नायट्रोजन धरलेला नाही.

मग उपाय काय?

● हिवाळ्यात गवत मंद वाढते आणि निचरा जास्त होतो. तेव्हा गायी काही तास कुरणाबाहेर ठेवायच्या. गोळा झालेले शेण-मूत्र गवत वाढीला लागल्यावर पसरायचे.

● चाऱ्यात प्लँटेन ही रुंद पानांची वनस्पती (केळ नव्हे) मिसळायची. ती खाल्ल्यावर मूत्र पातळ होते.

● हेक्टरी गायी कमी ठेवायच्या आणि गरजेपुरतेच सिंचन करायचे.

महाराष्ट्रात शेतकरी धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात. कळपाची जागा बदलत राहिली की लेंडी-मूत्र शेतभर पसरते. सूत्र एकच : पीक वा गवत जेवढे घेईल तेवढेच, आणि ते घेईल त्याच वेळी. एका जागी साचले, तर तेच खत विहिरीत उतरते.