एल्सवर्थ, ऑलिव्हर

(२९ एप्रिल १७४५–२६ नोव्हेंबर १८०७). अमेरिकन कायदेपंडित, सिनेटर व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा तिसरा सरन्यायाधीश. जन्म कनेक्टिकटमधील विंझर येथे. येल व प्रिन्स्टन येथे शिक्षण घेऊन तो पदवीधर झाला (१७६६) व १७७१ पासून वकिली करू लागला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तो काँटिनेंटल काँग्रेसचा सदस्य होता.

फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत (१७८७) मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार, तर लहान राज्यांना समान प्रतिनिधित्व हवे होते. रॉजर शर्मन व एल्सवर्थ यांनी पुरस्कारिलेल्या ‘कनेक्टिकट तडजोडी’ने हा पेच सुटला : कनिष्ठ गृहात लोकसंख्येच्या प्रमाणात, तर सिनेटमध्ये सर्व राज्यांना सारखे प्रतिनिधित्व मिळाले. परिषद संपण्यापूर्वीच परतल्यामुळे संविधानावर मात्र त्याची स्वाक्षरी नाही.

सिनेटर (१७८९–९६) असताना त्याने तयार केलेला १७८९ चा न्यायव्यवस्था अधिनियम हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय. संविधानाने दुय्यम संघीय न्यायालयांचा प्रश्न काँग्रेसवर सोपविला होता. अधिनियमाने ६ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आणि त्याखाली १३ जिल्ह्यांची व ३ मंडलांची न्यायालये स्थापन केली. संघीय कायद्याच्या प्रश्नांवर राज्य न्यायालयांच्या विशिष्ट निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय २५ व्या कलमात होती. संघराज्याचे ऐक्य टिकविण्यास ती उपकारक ठरली. उलट, १३ व्या कलमातील एक तरतूद ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात (१८०३) घटनाबाह्य ठरून न्यायालयीन पुनर्विलोकनाचे तत्त्व प्रस्थापित झाले.

सरन्यायाधीशपदी (१७९६–१८००) असतानाच फ्रान्सला गेलेल्या शिष्टमंडळात त्याने काम केले. १८०० च्या कराराने दोन्ही देशांतील अघोषित नाविक युद्ध थांबले. प्रकृती ढासळल्याने त्याने पदत्याग केला. विंझर येथे तो निधन पावला.