पांढरी दोनची सिंफनी

बेथोवेनची नववी सिंफनी डी मायनरमध्ये आहे, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. एका स्नेह्यांकडे या सिंफनीची जुनी परदेशी तबकडी होती. मार्च १९४२ मध्ये बर्लिनला झालेली मैफल, वाद्यवृंद बर्लिन फिलहार्मोनिक, संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर. ती ऐकताना मी सहज शेजारची पेटी उघडली आणि सूर धरून पाहिला. जमेना. पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी सगळा वाद्यवृंद लोंबकळत होता. यंत्राचा वेग बरोबर होता, बाकीच्या तबकड्या त्यावर नीट वाजत होत्या. म्हणजे मूळ फितीवरून तबकडी तयार करतानाच कुठेतरी वेग चढला होता.

काही वर्षांनी त्याच मैफलीची दुरुस्त आवृत्ती हाती आली. पहिल्या स्वरसमूहालाच फरक कळला. सूर पांढऱ्या दोनजवळ येऊन बसला होता आणि आधी धापा टाकत पळणारा पहिला भाग श्वास घेऊ लागला होता. फितीचा वेग सहा टक्के वाढला की सूर बरोबर अर्धा स्वर चढतो आणि सव्वा तासाच्या रचनेतली चारेक मिनिटे गळून जातात. फुर्टवेंग्लरच्या बाबतीत ही चार मिनिटे फार मोलाची आहेत.

कारण या माणसाचे सगळे सामर्थ्य काळ ताणण्यात आणि आवळण्यात होते. १८८६ साली बर्लिनमध्ये जन्मलेले फुर्टवेंग्लर आर्थर निकिश यांच्या मागोमाग १९२२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. त्यांच्या हातवाऱ्यांत नेमका ठोका कुठे हे वादकांनाही चटकन उमगत नसे, म्हणून त्यांच्या स्वरसमूहांची सुरुवात किंचित पसरट, तळातून उगवल्यासारखी येते. लय सतत हलती. शिखराकडे जाताना कळत-नकळत वेग वाढायचा, एका कल्पनेतून दुसरीत उतरताना सगळे जवळजवळ थांबायचे. विलंबित ख्याल बढत करत वर चढताना ज्यांनी मन लावून ऐकला आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

अशा कलावंताला ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे माप कसे पुरणार? आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना, केसरबाईंना अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांत बांधून द्यावा लागला, आणि त्यांनी तो बांधून दिला. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी मोठी तबकडी असे, पण तिच्याही एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. नववी सिंफनी सोळा-सतरा तुकडे करून वाजवायची, दर तुकड्यानंतर थांबायचे. फुर्टवेंग्लरनी १९२६ पासून अशा तबकड्या दिल्या, पण त्यांचे खरे बळ समोर श्रोते असताना, न थांबता वाजवताना प्रकट होई.

ते पकडणारे यंत्र बर्लिनमध्येच तयार होत होते. फ्रिट्झ प्फ्लॉइमर यांनी कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून चुंबकीय फितीची वाट दाखवली होती. आएगे कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ मांडला. सुरुवातीला त्यात खरखर फार. १९४० मध्ये जर्मन रेडिओतले अभियंते वाल्टर वेबर यांच्या ध्यानात आले की ध्वनिमुद्रण करताना कानाला ऐकू न येणारा अतिउच्च कंपनांचा प्रवाह फितीला दिला, तर खरखर एकदम खाली बसते. या एका शोधाने फीत तबकडीच्या कितीतरी पुढे गेली. सेकंदाला ७७ सेंटिमीटर अशा धावत्या वेगाने हजार मीटरचे रीळ सुमारे वीस मिनिटे चाले आणि ते संपत आले की शेजारचे दुसरे यंत्र सुरू करत. संगीताला कुठेही खंड पडत नसे.

युद्धकाळात इंग्लंडमध्ये नेमणुकीवर असलेले अमेरिकी लष्करी अभियंते जॅक मलिन रात्री उशिरा रेडिओ लावत. जर्मन केंद्रांवरून मध्यरात्रीनंतर अख्खे वाद्यवृंद वाजत असत आणि त्यात तबकडीची करकर औषधालाही नसे. इतक्या रात्री हे लोक खरोखर वादकांना बसवून वाजवून घेतात की काय, असा त्यांना प्रश्न पडे. युद्ध संपल्यावर बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात त्यांना मॅग्नेटोफोन सापडला आणि कोडे सुटले. त्यांनी दोन यंत्रे आणि पन्नास रिळे अमेरिकेला धाडली. पुढचा सगळा फितीचा जमाना त्यातून उभा राहिला.

या फितींवर जे उमटले, त्याच्या भोवतीचा काळ विसरून ते ऐकता येत नाही आणि ऐकूही नये, असे मला वाटते. १९३३ मध्ये ज्यू कलावंतांच्या बाजूने फुर्टवेंग्लरनी नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला जाहीर पत्र लिहिले. संगीतकार हिंडेमिथवरच्या बंदीच्या वादात १९३४ च्या अखेरीस पदांचे राजीनामे दिले. पण देश सोडला नाही आणि पुढच्याच वर्षी पुन्हा मंचावर उभे राहिले. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला, त्यांनी हीच नववी सिंफनी वाजवली. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे, शेवटी गोबेल्स पुढे येऊन हात मिळवतो तेही त्यात दिसते. युद्धानंतर चौकशीतून ते सुटले, येहुदी मेन्युहिनसारखा ज्यू व्हायोलिनवादक त्यांच्या पाठीशी उभा राहिला, पण १९४९ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाशी ठरत आलेले नाते निषेधांमुळे तुटले. ज्यांनी निषेध केला, त्यांचा राग मला समजतो. नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागातले, सगळी माणसे एक होतील अशी साद घालणारे गाणे त्या शहरात, त्या वर्षी, त्या श्रोत्यांसमोर गायले गेले. मार्चची मैफल ऐकताना ही गोष्ट मनातून जात नाही. आवाज जितका स्वच्छ होतो, तितकी ती अधिक टोचते.

१९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने बर्लिनच्या रेडिओभवनातल्या फिती मॉस्कोला नेल्या. साठच्या दशकात तिथल्या सरकारी कंपनीने, मेलोदियाने, त्यांवरून तबकड्या काढल्या. पश्चिमेकडच्या संग्राहकांनी त्या जिवापाड जपल्या. मग त्यांच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आणि प्रत्येक पायरीवर सूर थोडा सरकला, आवाज थोडा झिजला. काहींनी तर एकाच वाहिनीच्या मुद्रणाला खोटा स्टीरिओही चढवला. १९८७ मध्ये फितींच्या प्रती बर्लिनला परत आल्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मूळ फितीही आल्या. बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतः त्यांवर काम करून १९३९ ते १९४५ या काळातल्या रेडिओ मुद्रणांचा २२ तबकड्यांचा संच काढला.

हे काम, ज्याला रीमास्टरिंग म्हणतात, नेमके कसे चालते? पहिली गोष्ट, सगळ्यात जवळची फीत शोधायची. मग वाचणाऱ्या हेडची फट ज्या कोनात मुद्रण झाले त्याच कोनात आणायची. हा कोन जरा चुकला तरी व्हायोलिनची वरची झळाळी जाते, आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवला तरी ती परत येत नाही. मग वेग. इथे मला फार आवडणारी एक युक्ती आहे. जुन्या मुद्रणात विजेच्या तारांची बारीक घूं शिरलेली असते. युरोपातल्या विजेची कंपने सेकंदाला ५०. संगणकावर ती घूं शोधायची, आणि ती ५१.५ दिसली तर फीत तीन टक्के पुढे पळते आहे हे समजायचे. ज्या दोषाला अभियंते आयुष्यभर शिव्या देत आले, तोच इथे तंबोऱ्यासारखा उपयोगी पडतो.

फितीचा आणखी एक विकार म्हणजे पूर्वध्वनी. रीळ वर्षानुवर्षे गुंडाळलेले राहिले की एका वेटोळ्यावरचे चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उमटते. त्यामुळे जोरदार आघाताच्या क्षणभर आधी त्याची पुसट सावली ऐकू येते. शांततेतून अकस्मात उसळणाऱ्या संगीतात हे फार खुपते, आणि ते काढायला हरकत नाही.

हरकत आहे ती खरखर काढण्याच्या अतिरेकाला. जुनी बर्लिन फिलहार्मोनी ही मुळात चाकांच्या स्केटिंगसाठी बांधलेली इमारत. पुढे तिचे सभागृह केले आणि नाद असा जमला की जगभर नाव झाले. ३० जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात ती गेली. आज त्या वास्तूचा नाद फक्त या फितींवर आहे, आणि तो नेमका कुठे असतो? स्वर संपल्यानंतरच्या अर्ध्या-एक सेकंदात, विरत विरत खरखरीत मिसळून जाणाऱ्या शेपटीत. खरखर खरवडून काढली की ती शेपटीही जाते आणि वाद्यवृंद कापसात गुंडाळल्यासारखा वाजतो. श्रोत्यांचे खोकलेही असू द्यावेत. युद्धातल्या हिवाळ्यात कोट घालून बसलेली ती माणसे आहेत. मी दोन्ही तऱ्हेच्या आवृत्त्या ऐकल्या आहेत, आणि खरखर ठेवणाऱ्याचा कान मला अधिक खरा वाटतो.

नवव्या सिंफनीच्या पहिल्या भागात मुख्य कल्पना परतते ती जागा ऐकावी. तिथे टिंपनी जवळजवळ चाळीस मात्राखंड अखंड घुमत राहते. माझ्या स्नेह्यांच्या तबकडीत तिथे नुसता फाटका गडगडाट होता. नव्या आवृत्तीतही ध्वनी फितीच्या सहनशक्तीपलीकडे जातो, ते कोणी दुरुस्त करू शकत नाही. पण आता काठ्या कातड्यावर पडताना कळतात, आणि त्या घुमाऱ्याच्या आत चेलो-बास सुरावट लढवत असल्याचे पहिल्यांदाच कानी येते. ते ऐकताना मला भीती वाटली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मूळ काय, हा प्रश्न दर वेळी इतका सरळ नसतो. युद्धानंतर बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा, २९ जुलै १९५१ रोजी, फुर्टवेंग्लरनी तिथे नववी सिंफनी वाजवली. इएमआयची तबकडी पिढ्यान्‌पिढ्या ‘ती मैफल’ म्हणून ऐकली गेली. मग बव्हेरियन रेडिओची फीत प्रसिद्ध झाली आणि कळले की इएमआयच्या तबकडीत तालमीतले भाग सांधलेले आहेत. २०२१ मध्ये बिस कंपनीने स्वीडिश रेडिओने प्रक्षेपणाच्या वेळी घेतलेली फीत काढली, निवेदकांच्या घोषणांसकट आणि सुरुवातीच्या शांततेसकट, काहीही न छाटता. वाजवणे सुरू होण्याआधीची ती शांतता मी आता कधी पुढे ढकलत नाही.

एक फीत मात्र मी क्वचितच लावतो. २३ जानेवारी १९४५, बर्लिनचे अडमिराल्सपालास्ट. जुनी फिलहार्मोनी वर्षभरापूर्वी गेलेली. मोत्झार्टची चाळिसावी सिंफनी चालू असताना वीज गेली. बऱ्याच वेळाने दिवे आले तेव्हा मोत्झार्ट सोडून फुर्टवेंग्लरनी ब्राम्सची पहिली सिंफनी घेतली. काही दिवसांतच व्हिएन्नामार्गे ते स्वित्झर्लंडला निसटले. त्या मैफलीतला ब्राम्सचा फक्त शेवटचा भाग फितीवर राहिला आहे. अंधारात चाचपडावे तशी तंतुवाद्ये बोटांनी छेडली जातात, लय घसरते, सावरते, पुन्हा घसरते. मग टिंपनीच्या घुमाऱ्यावरून एकटा हॉर्न वर येतो, आणि त्याच्या मागे, अगदी हळू, कोणीतरी खोकते.