रंगमंचावर भामिनी, विंगेत नारायणराव

१२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायण श्रीपाद राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलू, असं मंडळी म्हणत होती. नारायणराव ऐकेनात. प्रेक्षकांचा विरस होता कामा नये, हेच त्यांचं म्हणणं. तोंडाला रंग लागला, दागिने चढले आणि नाटकाची नायिका भामिनी रंगमंचावर आली.

कलानिष्ठेचा किस्सा म्हणून हा प्रसंग आपल्याला पाठ आहे, आणि ती निष्ठा खरीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रंगमंचावर होती ती श्रीमंताघरची उपवर मुलगी. विंगेत उभा होता तो नुकतीच लेक गेलेला बाप. बालगंधर्वांचं चरित्र लिहायचं तर ही दोन्ही माणसं वेगवेगळी दिसली पाहिजेत.

हे आठवायला निमित्त झालं ते इथे दुबईत. अल बर्शात, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागच्या बाजूला, एका घरी आमची नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. सोफे भिंतीला सरकवलेले, खाली सतरंजी, तंबोरा मोबाइलवर. निवेदनाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: बालगंधर्व म्हणजे पुरुषाच्या देहात अडकलेली स्त्री. वाचताना छान वाटलं, दोघांनी दादही दिली. पेटीवरच्या काकूंनी मात्र भाता बंद केला.

‘‘हे त्यांनी कुठे सांगितलंय?’’

‘‘तसं नाही काकू, पण बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या...’’

‘‘ही तर त्यांच्या कामाची पावती झाली. त्यांच्या मनात काय होतं, ते आपण कशावरून लिहायचं?’’

मग त्या एका वाक्यावर तास गेला आणि मला तो सत्कारणी लागला असं वाटतं. आम्ही जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच मांडत गेलो. १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. कुलीन घरच्या बायकांनी रंगभूमीवर येणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं. भाऊराव कोल्हटकरांसारख्या नटांनी स्त्री भूमिकांची वाट आधीच घालून दिली होती. म्हणजे हे त्या काळातलं मानाचं, कसबाचं काम होतं. पुढे १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, आणि दोनच वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त मीरा. घरी ते लक्ष्मीबाईंचे पती होते, नंतर गोहरबाई कर्नाटकींबरोबर त्यांनी संसार केला. मसुद्यात मग भूमिकेबद्दल ‘भामिनी आली’ आणि नटाबद्दल ‘नारायणराव गायले’ असं ठेवलं. अडकलेल्या स्त्रीचं वाक्य गेलं.

पण नटाने स्वतः काही सांगितलं असेल तर? गुजराती रंगभूमीवरच्या जयशंकर भोजकांचं उदाहरण घ्या. १९०१ मधल्या ‘सौभाग्य सुंदरी’ने त्यांना ‘सुंदरी’ हे नाव दिलं आणि ते जन्मभर टिकलं. आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय, की स्त्रीवेष चढवून आरशात पाहिलं तेव्हा समोर एक तरुणी दिसली, आणि त्या घडीला आपण पुरुष आहोत असं वाटेना. चरित्रकाराने हा अनुभव गाळू नये. तो त्या आरशासमोरचा म्हणूनच लिहावा. त्यावरून सबंध आयुष्याचा निकाल देऊ नये.

असा निकाल लोक परस्पर देतात तेव्हा काय होतं, हे कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी सोसलं. तमाशापटांतला त्यांचा नाच्या आणि ‘आत्ता गं बया’ म्हणतानाचा तो हात महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पडद्याबाहेर ते संसारी गृहस्थ, मुलाबाळांचे वडील. लोकांनी मात्र पडद्यावरचा नाच्याच खरा मानला आणि टोमण्यांची झळ घरच्यांपर्यंत पोचली. २००८ मध्ये ते गेले, तोवर ही ओळख त्यांना चिकटलेली होती.

इथे एक काळजी घ्यावी लागते. ‘ते तसे नव्हते हो’ असं आपण त्यांची बाजू घेत लिहितो, तेव्हा नकळत ‘तसं’ असणं हा कलंक ठरवतो. गणपत पाटलांवर अन्याय झाला तो त्यांच्याबद्दल खोटं पसरलं म्हणून, आणि तृतीयपंथी असणं ही शिवी मानली गेली म्हणूनही. त्यांची खरी ओळख लिहिताना दुसऱ्या कुणाला खाली ढकलायची गरज नाही.

कारण ती ओळख अभिमानाने सांगणारी माणसं आपल्यातच आहेत. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींनी आपल्या मराठी आत्मकथनाचं नावच ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ ठेवलं. त्याही नर्तकी. पण त्यांचं स्त्रीत्व कार्यक्रम संपल्यावर उतरवून ठेवायचा वेष नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल ‘लक्ष्मी आल्या’ असंच लिहायचं. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केला, आणि त्या खटल्यात लक्ष्मी स्वतः उभ्या होत्या.

आज शहरांत ड्रॅग करणारी नवी मुलं-माणसं आहेत. कुणी रंग पुसला की पुरुष, कुणी स्त्री, कुणी या दोन्हींत न बसणारं. वेष पाहून यातलं काहीच कळत नाही. त्यांच्यावर लिहिताना पेहराव, गाणं, मेहनत डोळे भरून पाहावी आणि मनसोक्त लिहावी. ओळखीचं वाक्य लिहिण्याआधी मात्र त्यांनाच विचारावं, ‘‘तुमच्याबद्दल कसं लिहू?’’ बालगंधर्वांना आता हे विचारता येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्या बाबतीत अंदाजाने लिहायला आपल्याकडे काहीच सबब उरत नाही.