एका वेष्टनाचा अभ्यासक्रम

केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम एप्रिल २०१६ मध्ये निघाले. त्यातल्या सतराव्या नियमात सॅनिटरी पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांना उद्देशून एक वाक्य होते. त्याचा आशय असा : कंपन्यांनी आपल्या उत्पादनात पूर्णपणे पुनर्चक्रण होऊ शकेल असा माल वापरण्याची शक्यता तपासून पाहावी, किंवा पाकिटासोबत दर पॅडमागे ते गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी अथवा वेष्टन द्यावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हे एवढेच वाक्य फळ्यावर लिहावे आणि अख्खा तास त्यावर घालवावा, असे मला मनापासून वाटते. शक्यता तपासली की नाही, हे कोण ठरवणार? त्याचा पुरावा कुणाकडे द्यायचा? दोन पर्यायांपैकी स्वस्त कोणता, आणि तो खुला ठेवावा असे कुणाला वाटले असेल? कंपनीने वेष्टन दिले, पण घरात ते कुणी वापरलेच नाही, तर जबाबदारी कुठे संपते आणि कुठे सुरू होते?

पब्लिक पॉलिसी, कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटी, सस्टेनेबिलिटी ही नावे आता बारावीनंतरच्या माहितीपत्रकांत दिसू लागली आहेत. कुठे तो स्वतंत्र पदवीचा विषय आहे, कुठे मायनर, कुठे नुसता निवडीचा पेपर. पालक बुचकळ्यात पडतात, कारण नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. सरकार काय करते, कंपनी काय करते आणि निसर्गाला काय सोसते, हे तीन वेगवेगळे पेपर म्हणून शिकवले तर विद्यार्थ्याच्या हाती व्याख्यांपलीकडे फारसे लागत नाही. एखादी खरीखुरी वस्तू धरून तिच्या मागे चालत गेले, तर तिन्ही विषय एकाच रस्त्यावर भेटतात. या वेष्टनाचेच पाहू.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिची सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून झाली, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १९९६ मध्ये पुणे महापालिकेने या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये घरोघर कचरा गोळा करण्यासाठी तिचा महापालिकेशी करार झाला. कचराकुंडीत वाकून वेचणारी बाई आता दारावर येऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊ लागली. हे धोरण मंत्रालयातल्या फायलीत जन्मलेले नव्हते. रस्त्यावरून ते वर गेले आणि मग कागदावर आले.

घरातून आलेला सुका कचरा पुन्हा हातानेच निवडला जातो. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या, काच, पत्रा आणि जाड प्लास्टिक यांचे वेगळे ढीग लागतात. प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा आणि त्या भावावर त्या दिवसाची कमाई ठरते. या ढिगात हात घातल्यावर उघडे, रक्ताने भरलेले पॅड किंवा बाळाचा डायपर हाताला लागतो. त्याला भाव नाही. त्यातून रोग होण्याची भीती मात्र आहे, आणि रोजच्या रोज होणारा अपमानही आहे. हा अपमान कुठल्याच अहवालाच्या रकान्यात मावत नाही.

२०१३ साली ‘स्वच्छ’ने वापरलेल्या पॅडनी भरलेल्या पिशव्या उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवल्या. म्हणणे सरळ होते : माल तुमचा, नफा तुमचा, मग त्याचा शेवटही तुम्हीच पाहा. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे तत्त्व प्लास्टिक कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत आधीच आले होते, त्यामुळे या मागणीला कायद्याचा आधारही होता. पुण्यात पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीमही चालली. २०१६ च्या नियमांत वेष्टनाची तरतूद आली ती एका शहरातल्या एका मोहिमेमुळे, असे म्हणता येणार नाही. नियम घडताना अनेक दाब एकाच वेळी काम करत असतात, आणि ते दाब ओळखायला शिकणे हेच तर धोरणाच्या अभ्यासाचे पहिले काम आहे.

आता याच नियमांचा चौथा नियम वाचावा. घरातल्या माणसांनी वापरलेले पॅड कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा इतर योग्य वेष्टनात नीट गुंडाळावे आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ज्या डब्यातला माल हाताने निवडला जाणार, त्याच डब्यात. सतरावा नियम वाचून समाधान पावलेल्या विद्यार्थ्याने चौथा वाचला की त्याला कळते, कायदा तुकड्यातुकड्याने वाचून चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नव्या नियमांचा मसुदा काढला तेव्हा त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशी कचऱ्याची चार भागांत विभागणी सुचवली होती. सॅनिटरी कचऱ्याला वेगळी जागा सुचवायला आठ वर्षांहून अधिक काळ गेला.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकीच महत्त्वाची. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट ५ रुपयांत, बचत गटांमार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही रद्द झाला. मुलींचे आरोग्य, शाळेतली हजेरी, पाळीबद्दल मोकळेपणाने बोलण्याची मुभा, या सगळ्यासाठी हे निर्णय हवेच होते. पण पॅडच्या वरचा आणि खालचा थर प्लास्टिकचा असतो, आतल्या लगद्यात द्रव शोषून घेणारे पॉलिमरचे कण असतात. असे पॅड मातीत कुजत नाही. कमी तापमानात जाळले तर डायॉक्सिन आणि फ्युरान यांसारखे विषारी वायू बाहेर पडू शकतात. शहरात निदान घंटागाडी येते, पण कित्येक खेड्यांत तीही येत नाही. एका विभागाने आरोग्याची योजना यशस्वी केली की दुसऱ्या विभागाच्या दारात कचरा वाढतो. मग पॅड नकोत असे म्हणायचे का? मुळीच नाही. कापडी पॅड, मासिक पाळीचा कप, गावपातळीवरची विल्हेवाट यांच्यावर खर्च किती, ते स्वीकारणार कोण, धुवायला पाणी कुठून येणार, असे प्रश्न हिशेब मांडून सोडवावे लागतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना हे झेपते. त्यांना विचारले जात नाही, इतकेच.

आता कंपनीकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हे सीएसआर बहुतेकांना ऐकून माहीत असते. सीएसआर कशाला म्हणायचे नाही याचे नियम मात्र फार कमी जण वाचतात, आणि माझ्या मते शिकण्यासारखे सारे तिथेच आहे. कंपनीचा नेहमीचा व्यवसाय त्यात धरता येत नाही. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम धरता येत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी धरता येत नाही. आपल्या मालाची जाहिरात होईल असे प्रायोजकत्व धरता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही कायद्याने बंधनकारक असलेले कामही धरता येत नाही.

ही यादी हातात घेऊन पुन्हा वेष्टनाकडे यावे. कंपनीने पाकिटात पिशवी दिली, तर तो कायद्याचा आदेश पाळणे झाले, त्याला समाजसेवा म्हणता येणार नाही. तिने आपलेच नाव छापलेली पॅड शाळांत फुकट वाटली, तर ते आरोग्याचे काम की उद्याच्या गिऱ्हाइकाची मशागत? तिने कचरावेचकांसाठी निवड-शेड बांधून दिली, तर? विद्यार्थ्यांनी यावर दोन्ही बाजूंनी लिहावे. कंपनीच्या जबाबदारीचे मोजमाप २ टक्क्यांवर करायचे की उरलेल्या ९८ टक्क्यांच्या धंद्यावर, हा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि त्याचे माझे उत्तर ९८ टक्क्यांच्या बाजूचे आहे.

त्या उरलेल्या धंद्याची माहितीही आता उघड मिळते. सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. पाणी, वीज, कचरा, कामगारांचे अपघात, स्त्री-पुरुष वेतन अशी माहिती ठरावीक साच्यात द्यावी लागते. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी तुम्हाला लागू आहे का, असल्यास तुमची कचरा गोळा करण्याची योजना प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेल्या आराखड्याप्रमाणे आहे का, असा थेट प्रश्नही त्यात आहे. हे अहवाल फुकट वाचायला मिळतात. विद्यार्थ्याने एकाच कंपनीचे सलग दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून कचऱ्याचा आकडा का बदलला एवढे जरी शोधले, तरी व्याख्या पाठ करण्यापेक्षा कितीतरी जास्त शिकणे होईल.

पदवीच्या पातळीवर पर्यावरण शिकवण्याची सक्ती आपल्याकडे नवी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसा आदेश दिला आणि पुढे यूजीसीने सर्व शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. पुस्तक चांगले होते आणि त्यात क्षेत्रभेटीवर भर होता. पुष्कळ ठिकाणी मात्र तो पेपर पास होण्यापुरता उरला आणि प्रकल्पाच्या वह्या एकमेकांच्या पाहून उतरल्या गेल्या. तीच गत आता पुन्हा होऊ नये, ही माझी खरी काळजी आहे.

कारण संधी पुन्हा आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून आलेल्या श्रेयांकांच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना स्वतंत्र क्रेडिट आहेत. प्रत्यक्ष कामाचे एक क्रेडिट म्हणजे साधारण तीस तास. दोन क्रेडिटचे साठ तास होतात. रोप लावून फोटो काढण्यात ते घालवले तर गेले. त्याऐवजी चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने आपल्या भागातल्या दुकानांत जाऊन कोणत्या पाकिटांत विल्हेवाटीची पिशवी आहे आणि कोणत्यात नाही हे पाहावे. कचरावेचकांची परवानगी घेऊन एका निवड-शेडमध्ये काही दिवस वजन करावे, किती पॅड गुंडाळून आली आणि किती उघडी, याची नोंद ठेवावी. फोटो नकोत. त्या बायकांचा जो वेळ जाईल त्याचा मोबदला महाविद्यालयाने द्यावा, कारण त्यांची रोजची कमाई वजनावर आणि वेळेवर चालते. पाणी आणि ग्रामीण प्रश्नांवर अशा पद्धतीचे काम आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने केले आहे. तेच कला आणि वाणिज्य शाखेच्या साध्या महाविद्यालयातही करता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

धोरणाची पुस्तके बहुतेक परदेशी उदाहरणांनी भरलेली असतात, तेव्हा शिक्षकांनी आपल्या घरची उदाहरणे शोधावीत. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामी आला. १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. देशाने २००५ मध्ये तो धडा उचलला. याहून चांगला पाठ कुठे मिळणार?

प्रवेश घेताना काय पाहावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा किंवा एखादे विज्ञान यांपैकी एक तरी पक्का मुख्य विषय असावा आणि धोरण व शाश्वतता त्याला जोडून यावी. आकडेवारी हाताळणे, मूळ कायदा वाचणे आणि गावात किंवा प्रभागात जाणे यांना अभ्यासक्रमात जागा नसेल, तर नाव कितीही आकर्षक असो, तिथे पैसे घालू नयेत. नोकऱ्या आहेत : कंपन्यांचे सीएसआर आणि बीआरएसआर विभाग, हे अहवाल तपासणाऱ्या संस्था, महापालिकांचे सल्लागार, सामाजिक संस्था. खासदारांबरोबर काम करण्याची लॅम्प फेलोशिप किंवा राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप पदवीनंतर खुली असते, दुसरीसाठी वर्षभराचा अनुभव लागतो. मात्र बड्या पगाराच्या जागांसाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण बहुधा घ्यावेच लागते, हे घरात आधीच बोलून ठेवावे.

केंद्राचे पर्यावरणविषयक नियम मसुद्याच्या रूपात निघतात तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी साधारण साठ दिवस असतात, आणि कोणताही नागरिक त्या पाठवू शकतो. पुढचा मसुदा निघेल तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रकल्पातली आपली नोंद हरकत म्हणून दिल्लीला पाठवावी. एक प्रत क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला द्यावी, आणि ज्या शेडमध्ये वजन केले तिथल्या बायकांना ती मराठीत वाचून दाखवावी, म्हणजे एखादा आकडा चुकला असेल तर त्याच तो दुरुस्त करून देतील.