अडत : कांद्याची आणि ॲपची

सटाण्याच्या बाजार समितीत भाव पटला नाही, तर शेतकरी ट्रॅक्टर नामपूरला किंवा उमराण्याला वळवतो. अडतही 2016 पासून शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यावी असा राज्याचा नियम आहे. ॲप बनवणाऱ्यांची चीड मला या तुलनेतून उमगली. ॲपमधल्या डिजिटल विक्रीवर गूगल साधारण 15 ते 30 टक्के घेते. गूगलचीच पेमेंट-व्यवस्था सक्तीची केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनीला 936.44 कोटींचा दंड ठोठावला. अपिलात 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आला. दरम्यान, मार्च 2024 मध्ये शुल्काच्या वादातून ‘शादी डॉट कॉम’, ‘नोकरी डॉट कॉम’ यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून हटवली गेली. सरकार मध्ये पडल्यावर काही दिवसांत परतली. टक्केवारी सोसता येते. पण गिऱ्हाईक एकाच बाजारात असेल, तर ट्रॅक्टर वळवायचा कुठे?