होडी चालविणे आणि होडी वल्हविणे

कुडाळ तालुक्यातील वालावलजवळून वाहणारी कर्ली नदी देवबागेपाशी समुद्रास मिळते. या काठच्या बोलीचे शब्द गोळा करणारा अभ्यासक ‘होडी चालविणे’ एवढेच टिपून थांबला, तर त्याच्या हातून बरेच निसटेल. उथळ पाण्यात काठी तळाला टेकून होडी लोटतात. खोल पाण्यात काठी टेकत नाही. तेथे वल्ह्याने पाणी मागे सारावे लागते आणि त्याची प्रतिक्रिया होडीस पुढे नेते. वल्हे या नामापासून मराठीने ‘वल्हविणे’ हा नामधातू साधला. शिडापासून मात्र असा धातू झाला नाही. शीड उभारावयाचे, मग होडी वाऱ्यावर चालते आणि माणूस सुकाणू धरतो. (सुकाणू हा शब्द मूळचा अरबी, दर्यावर्दींची भाषा सरमिसळच असावयाची.)

वाफेचे यंत्र आले तेव्हा भाषेने शक्ती नावातच घातली. बैलगाडी, हातगाडी यांच्या धर्तीवर आगगाडी आणि आगबोट हे शब्द घडले. वस्तुतः ढकलीत असे ती वाफ; डोळ्यांस दिसे ती आग. पुढे डिझेलचे यंत्र आले. त्याचा पंखाही वल्ह्याप्रमाणेच पाणी मागे सारतो. तरी यंत्राची होडी कोणी वल्हवीत नाही. ती मोटारीसारखी चालविली जाते.