कुरणावरील घोड्यांचा स्नायुविकार आणि तातडीचे उपचार

युरोपात शरद ऋतूत, विशेषतः वादळी वाऱ्यानंतर, कुरणावर सोडलेला धडधाकट घोडा अचानक ताठरतो, थरथर कापतो, घामाघूम होतो आणि त्याची लघवी गडद तपकिरी होते. भूक मात्र बऱ्याचदा शाबूत असते. त्यामुळे दुखण्याचे गांभीर्य मालकाच्या ध्यानी येत नाही. ‘ॲटिपिकल मायोपथी’ या नावाच्या या विकारात सुमारे तीन-चतुर्थांश घोडे दगावतात, तेही बहुधा पहिल्या तीन दिवसांत.

या विकाराचे कारण दीर्घकाळ अज्ञात होते. अमेरिकेत २०१३ मध्ये बॉक्स एल्डर, तर युरोपात २०१४ मध्ये सायकामोर मेपल या वृक्षाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला. या वृक्षांच्या पंखधारी बियांत हायपोग्लायसिन-ए हे विषद्रव्य असते. सायकामोरच्या वसंतात उगवणाऱ्या कोवळ्या रोपांतही ते आढळते. शरीरात त्यापासून तयार होणारे घटक मेदाम्लांपासून ऊर्जा मिळविण्याची प्रक्रिया रोखतात. परिणामी उभे राहण्याचे, श्वसनाचे आणि हृदयाचे स्नायू इंधनाअभावी नाश पावू लागतात. मूत्राचा गडद रंग हा नष्ट झालेल्या स्नायूंतून बाहेर पडलेल्या मायोग्लोबिनचा असतो.

उपचारांची दिशा यातूनच ठरते. पशुवैद्यकाला त्वरित पाचारण करावे. तोवर घोड्याला चालवू नये. प्रत्येक पाऊल स्नायूंची हानी वाढविते. त्याला उबदार ठेवावे. तो आडवा झाला असल्यास छातीच्या आधारावर बसता ठेवावा, म्हणजे श्वसन सुकर होते. गिळता येत असेल तर मध किंवा साखरेचे पाणी द्यावे; तेलकट खाद्य कटाक्षाने टाळावे, कारण मेदाचा मार्गच बंद झालेला असतो. पशुवैद्यक शिरेतून द्रव, वेदनाशामके, रायबोफ्लेविन आणि ई जीवनसत्त्व देतात. ग्लुकोज मात्र रक्तशर्करा तपासूनच दिले जाते, कारण अनेक रुग्ण घोड्यांत ती आधीच वाढलेली असते. कळपातील उर्वरित घोडे निरोगी भासले तरी त्यांना लगेच कुरणावरून हलवून त्यांचे रक्त तपासणे इष्ट होय.

भारतीय अभ्यासकाला हे विषद्रव्य अपरिचित नाही. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे २०१४ मध्ये बालकांतील तीव्र मेंदुविकाराच्या साथीचा अभ्यास झाला. तेव्हा लिचीतील हायपोग्लायसिन-ए आणि त्याचे सजातीय द्रव्य यांचा संबंध उघड झाला. रात्री उपाशी झोपलेल्या बालकांना धोका अधिक होता. तेथे मात्र रक्तशर्करा कोसळत असल्याने तत्काळ ग्लुकोज देणे हाच प्राणरक्षक उपचार ठरतो.